प्रसेनजितचं भाषण

उमादेवी मॅडमनी प्रसेनजितला निरोप धाडला तो त्याच्या आईकडूनच. पुतळाबाई शाळेत खिचडी शिजवायची. पातेली घासून ती घरी निघाली तेव्हा मॅडम तिला वऱ्हांड्यात गाठून म्हणाल्या, "पुतळाबाई, शनिवारी दहावीच्या पोरांसाठी कार्यक्रम ठेवलाय. दहावीनंतर काय शिकायचं, कुठं जायचं, असा. प्रसेनला म्हणावं, येऊन चार शब्द बोल. आपल्या शाळेतून इंजिनियर झालेला तो पहिलाच."

पुतळाबाई पदरानं हात पुसत नुसती हसली. पण घरी जाताना ती वाटेत भेटेल त्याला सांगत गेली.

जळकोटला हायवे सोडून आत वळलं की हे गाव लागतं. शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकायचं तर अणदूर, तुळजापूर, नाहीतर थेट धाराशिव. उमादेवी स्वामी इथं वीस वर्षं गणित शिकवत होत्या. मार्गदर्शनाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं ते दुसरं कुणी घेईना म्हणून. पण धाराशिवला प्रशिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी ते काम मनावर घेतलं. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी हातानं तक्ते करून लावले. आयटीआयला कोणते ट्रेड असतात, डिप्लोमाला कुठं जायचं, वसतिगृह कुठं मिळतं. पोरं ते तक्ते वाचत आणि विचारलं की म्हणत, "मॅडम, पोलीस भरती." निम्मी पोरं पहाटे हायवेच्या कडेनं पळायला जायची. पोरींना विचारलं की त्या एकमेकींकडं बघून म्हणायच्या, "घरचे म्हणतील तसं."

एक शिवांजली तेवढी वेगळी होती. जळकोटजवळ पुलाचं काम चालू होतं, तेव्हा तिनं तिथं एक इंजिनियर बाई बघितली होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पुढ्यात तिपाईवर बसवलेलं यंत्र. वडिलांबरोबर गाडीवरून चाललेली शिवांजली उतरून त्या बाईजवळ गेली होती आणि बाईनं तिला यंत्रातून बघू दिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. धाराशिवला जाऊन सिव्हिलचा डिप्लोमा करायचा. शाळेत ती पहिल्या नंबरानं पास व्हायची. तिचे वडील इंद्रजितराव बऱ्यापैकी जमीन बाळगून होते, स्वभावानंही वाईट नव्हते. मॅडमनी त्यांच्याशी एकदा बोलून ठेवलं होतं. "बघू की मॅडम, दहावी तर हुंद्या," असं ते म्हणाले होते आणि मॅडमना तेवढ्यावर आशा वाटत होती.

निरोप ऐकून प्रसेनजित म्हणाला, "मी नाही जाणार."

"का रं?" पुतळाबाईला कळेना. "मॅडम सोता म्हणल्यात."

"काम असतंय मला आई."

भिंतीला टेकून बसलेला त्याचा बाप बाबू म्हणाला, "शनिवारचं कसलं काम? जा की. चार लेकरांचं भलं हुईल." बाबू गवंडी होता. आसपासच्या पाच गावांत त्यानं बांधलेली घरं होती आणि ज्या घरी काम चाले त्या घरी तो पोराचा विषय काढायचाच.

गेल्याच्या गेल्या दिवाळीला प्रसेनजित चाकणहून घरी आला होता. तिथल्या एका कारखान्यात तो करारावर होता. करार संपला आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्या पोरांना एका दुपारी गेटच्या बाहेर काढलं. घरी त्यानं सांगितलं, "आता घरूनच काम करायचं असतंय, कॉम्प्युटरवर." माळवदावरच्या खोलीत तो लॅपटॉप उघडून बसायचा. पुतळाबाई जिन्याच्या पायऱ्या हळू चढून चहा ठेवायची आणि पोराचं काम मोडू नये म्हणून न बोलता खाली यायची. तो दिवसभर अर्ज भरायचा. कधी पुण्याला, कधी हैदराबादला मुलाखतीला जायचा आणि घरी सांगायचा, मीटिंग होती.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो शाळेत गेला.

पत्र्याच्या शेडखाली सतरंजीवर पोरं बसली होती. मुख्याध्यापकांनी हार घातला. मॅडमनी ओळख करून दिली. या पोराच्या वडिलांना, "त्याला सायन्सलाच घाला," असं त्यांनीच समजावलं होतं. खिचडीच्या खोलीच्या दारात पुतळाबाई पदर डोक्यावरून घेऊन उभी होती.

प्रसेनजित सुरुवातीला बरं बोलला. अभ्यास कसा करायचा, डिप्लोमा आणि डिग्री यांत फरक काय, घाबरायचं का नाही. पोरं ऐकत होती. मग मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

शिवांजली लगेच उभी राहिली. "दादा, सिव्हिलला मुली असतात का?"

"असतात की. आमच्या कॉलेजात सिव्हिलची पहिली आली ती मुलगीच होती."

"तिला काम लागलं का?"

"लागलं. मोठ्या घरातली नव्हती हां ती. आपल्यासारख्याच गावची. तिकडं नाशिककडं पुलाच्या कामावर आहे आता."

शिवांजली खाली बसली तेव्हा तिचं तोंड असं उजळलं होतं की प्रसेनजितलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यानं कुणाला उपयोगाचं काही सांगितलं होतं.

मग मागून रणधीर नावाचा पोरगा उठला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. "दादा, तुमी आता कुठल्या कंपनीत आहात?"

उत्तर प्रसेनजितला तोंडपाठ होतं. दीड वर्ष तो तेच सांगत आला होता. पण समोर पन्नासेक पोरं बघत होती, काहींच्या मांडीवर वही होती, आणि शिवांजली अजून त्याच्याकडं तशीच बघत होती. त्याच्या जिभेवर त्या कंपनीचं नाव येईना.

"कुठल्याच नाही," तो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मोठ्यानं बोल प्रसेन."

"मी कुठल्याच कंपनीत नाही. घरी बसलोय. दीड वर्ष झालं." आणि मग त्याला थांबता येईना. "करार संपला आन् काढून टाकलं. तवापासून जिथं जातो तिथं माझ्यासारखीच पोरं रांगेत असतात. एका जागी एकाला घ्यायचं होतं आणि आम्ही जिन्यापासून रस्त्यापर्यंत उभे होतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं की शिकून असंही होतंय. म्हणून सांगतो. तुम्ही शिका. पण कुठलंही शिकायच्या आधी चौकशी करा, की ह्याचं काम कुठं आहे, किती जणांना मिळतंय, आधी शिकलेले काय करायलेत. मी चौकशी केली नाही. मेकॅनिकल चांगलं म्हणले, मी घेतलं."

तो खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं आभार मानले. पुतळाबाई दारातून आत गेली आणि थोड्या वेळानं तिनं रोजच्यासारखी पोरांना खिचडी वाढली. तिची पळी पातेल्याला नको तितकी लागत होती, एवढंच.

प्रसेनजित घरी पोचेपर्यंत बाबूला कळलेलं होतं. शेजारच्या गल्लीत तो एका घराचा सज्जा बांधत होता. पोरं शाळा सुटून तिकडूनच आली होती. संध्याकाळी त्यानं हातपाय धुतले, जेवला, आणि मग म्हणाला, "काम गेल्याचं न्हाय रं काही. कुणाचंबी जातंय. पर गावाला सांगायच्या आधी मला सांगायचं होतंस."

"अण्णा, मला तुमच्यासमोर जमत नव्हतं."

"आन् पन्नास लेकरांसमोर जमलं व्हय?"

पुतळाबाई दुसऱ्या दिवसापासून जिना चढून चहा द्यायची ती बंद झाली. रागानं नव्हे. वर काम चालू नाही हे माहीत झाल्यावर तिला तिथं काय न्यावं तेच कळेना. ती खालूनच हाक मारायची.

पोरांनी घरी नेलं ते भाषण अर्धंच होतं. चौकशी करा, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बाबूचा पोरगा इंजिनियर होऊन घरी बसलाय आणि त्यानंच सांगितलं की शिकून काही उपयोग नाही, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आठवडाभरात ते गावभर झालं. पोलीस भरतीच्या मागं नसलेली दोन-तीन पोरंही पहाटे पळायला जायला लागली.

दहावीचा निकाल लागला. शिवांजली तालुक्यात वरच्या नंबरात आली. उमादेवी मॅडम पेढे घेऊन तिच्या घरी गेल्या. इंद्रजितरावांनी त्यांना ओसरीवर खुर्ची दिली. शिवांजलीची आजी धुरपदाबाई आतून बाहेर येऊन बसली.

"आता धाराशिवचा अर्ज भरू या," मॅडम म्हणाल्या. "मुलींचं वसतिगृह आहे. मी स्वतः चौकशी करून आले."

इंद्रजितराव म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. तुमीच बोलवलेला पोरगा तुमच्याच शाळेत सांगून गेला की न्हाय? इंजिनियर होऊन काय हुतंय ते? त्यो तर पोरगा हाय. माज्या पोरीला कोण काम देणार? तीन वर्षं पोर परगावी ठिवायची, आन् मग घरी आणून बसवायची?"

"तो त्याच्याबद्दल बोलला. सिव्हिलचं वेगळं आहे. त्यानं हेही सांगितलं होतं की..."

"मी तितं न्हवतो मॅडम. पर सगळी पोरं खोटं सांगतील का?"

शिवांजली दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, दादा तसं म्हणले नव्हते. सिव्हिलला काम आहे म्हणले होते."

"तू आत जा," धुरपदाबाई म्हणाली.

मॅडम तिथून तडक प्रसेनजितकडं आल्या. जिना चढून त्या पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या होत्या. खाटेच्या कडेवर बसत त्या म्हणाल्या, "प्रसेन, तुझं नाव पुढं करून तिला अडवायलेत. तू माझ्याबरोबर चल. तूच सांग त्यांना, तू काय म्हणाला होतास ते. माझं ऐकेनात. तुझं ऐकतील."

"माझं का ऐकतील मॅडम?"

"कारण तुझं ऐकूनच त्यांनी नाही म्हटलंय."

ठरलं की गुरुवारी दोघांनी जायचं. पण बुधवारी मॅडमना तालुक्याच्या ठिकाणी मतदारयादीच्या कामावर हजर होण्याचा आदेश आला आणि अर्जाची मुदत तर संपत आलेली. मॅडमनी फोनवर सांगितलं, "मी आले की जाऊ." पण त्या येईपर्यंत मुदत राहणार नाही, हे प्रसेनजितनं मोबाइलवर बघितलेलं होतं. तो एकटाच गेला. त्याला वाटलं, आपल्या बोलण्यानं झालं ते आपणच निस्तरावं.

इंद्रजितराव घरीच होते. "ये की, बस," म्हणाले. तो ओसरीच्या कडेला बसला. चहा आला. इंद्रजितरावांचा कपबशीतून, त्याचा कागदी कपातून. प्रसेनजितनं तो कप हातात धरला आणि बोलायला सुरुवात केली. त्यानं तयारी केली होती. रस्त्यांची, पुलांची, कालव्यांची किती कामं चालू आहेत, डिप्लोमावर कुठं कुठं भरती होते, मुलींना कुठं प्राधान्य आहे, सगळं. शाळेतल्यापेक्षा तो कितीतरी चांगलं बोलला.

इंद्रजितरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् हे तुला तवा म्हायीत न्हवतं व्हय? तू शिकायला गेलास तवा?"

"नव्हतं काका."

"मग आता पोरीला घातल्यावर पुना तिकडनं काही निराळंच निघालं तर? तवाबी तू येऊन सांगणार का, मला म्हायीत न्हवतं म्हणून?"

शिकूनही घरी बसावं लागतं, हे त्यानं स्वतःच तर पोरांना सांगितलं होतं.

"मला काम लागलंय काका," तो एकदम म्हणाला. "पुढच्या महिन्यात जायचंय. म्हणजे शिकलेलं वाया जात नाही, उशीर होतो इतकंच."

"कुठं लागलं?"

तो एक क्षण अडला. तेवढं पुरलं. इंद्रजितरावांनी कपबशी खाली ठेवली. आवाज न चढवता ते म्हणाले, "लेका, तू एका पोरीसाठी खोटं बोलायलास. हे बरं न्हाय. माज्या पोरीची इतकी काळजी तुला कशापायी?"

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि बंद झाला. प्रसेनजितला प्रश्नाचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा तो उठला. "तसं काही नाही काका. मॅडमबरोबरच येणार होतो. मुदत संपायलीय म्हणून आलो."

"जा आता," इंद्रजितराव म्हणाले. "पुना इकडं येऊ नको."

त्यांनी बाहेर कुणाला काही सांगितलं नाही. पण ओसरी रस्त्यावरच होती. समोरच्या घरातल्यांनी प्रसेनजितला येताना बघितलं होतं, बसलेला बघितलं होतं आणि उठून जाताना बघितलं होतं. दोन दिवसांत बोलणं सुरू झालं. शाळेत त्या पोरीनं उठून त्यालाच कसं विचारलं, मग तो कसा खुलला, मॅडमच कशा मधे आहेत. इंद्रजितरावांच्या भावकीतली चार तरणी पोरं एका सकाळी बाबूच्या कामावर आली. बाबू बांबूच्या पाडावर उभा राहून भिंतीला गिलावा करत होता. त्यांनी त्याला खाली बोलावलं नाही. खालूनच एकजण म्हणाला, "बाबूदा, पोराला आवरा. आमी तुमाला मानतो म्हणून सांगायलाव."

बाबूनं त्या दिवशी काम अर्धं टाकलं. घरी येऊन तो प्रसेनजितला म्हणाला, "उद्याच्या गाडीनं जा."

"अण्णा, मी काहीच केलं नाही."

"मला म्हायीत हाय. म्हणून तर जा म्हणतो. काही केलं असतंस तर बसून निवाडा तरी करता आला असता."

पुतळाबाईनं भाकरी बांधून दिली. जळकोटच्या फाट्यापर्यंत ती त्याच्याबरोबर चालत आली. चढताना ती म्हणाली, "मिळंल ते कर. आमाला खरं सांग, झालं." त्यानं मान हलवली.

मॅडम परत आल्या तेव्हा मुदत संपली होती. तरी त्या इंद्रजितरावांकडं गेल्या. "निदान अणदूरला अकरावी सायन्सला घाला," म्हणाल्या. "रोज येऊन जाऊन करेल. मी तिला गणित शिकवते." इंद्रजितरावांनी हात जोडले. "मॅडम, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही न्हाय. पर आता रोजचं येणं-जाणं नको. लोक बघायलेत." आर्ट्सला तिचं नाव घातलं. परीक्षेपुरतं जायचं असं ठरलं. शिवांजली आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही आणि मॅडमना आत बोलावलंही नाही.

त्या वर्षी मॅडमनी मार्गदर्शनाचं काम सोडावं असा विचार केला. मुख्याध्यापकांना तसं बोलल्याही. ते म्हणाले, "घेणार कोण दुसरं? नावापुरतं करा." त्या नावापुरतं करू लागल्या. पोरांनी पोलीस भरती म्हटलं की त्या मान हलवत. तक्त्यांचे कोपरे सुटून लोंबत होते, ते त्यांनी परत चिकटवले नाहीत.

मार्गशीर्षात अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला त्या गेल्या तेव्हा रांगेत त्यांना शिवांजली दिसली. धुरपदाबाईला धरून ती उभी होती. साडी नेसलेली, थोडी बारीक झालेली. मॅडमना बघून ती पाया पडली.

"कशी आहेस गं? वाचतेस काही?"

"वाचते की मॅडम. परीक्षा आहे ना." ती हसली. "आईला बरं नसतंय. घरचं सगळं मीच करते."

"पुढच्या वर्षी परत बघू या का? डिप्लोमाचं? वर्ष गेलं तरी चालतंय तिथं. मी बाबांशी बोलते."

शिवांजलीनं आजीकडं बघितलं. आजीचं लक्ष पुढं होतं, रांग सरकत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "नको मॅडम. पाहुणे बघून गेलेत. सोलापूरकडचे आहेत." मग मॅडमचा चेहरा बघून तीच समजूत घालायला लागली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला पहिल्यांदा लई रडू यायचं. आता न्हाय येत. आता त्याचा विचारच येत नाही."

भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी झाली होती, मागून लोक ढकलत होते.

"प्रसेनदादांना काम लागलं का?" शिवांजलीनं विचारलं.

"लागलं."

"इंजिनियरचं?"

मॅडमनी खोटं बोलायचं मनात आणलं, पण तिच्या नजरेपुढं ते जमेना. "नाही गं. भिवंडीला आहे. गोदामात. माल मोजून गाडीत चढवतात तिथं."

शिवांजलीनं मान हलवली, जणू तिला ते आधीच ठाऊक होतं. "आमच्या बाबांना सांगू नका मॅडम," ती म्हणाली. "त्यांना वाटेल, आपलंच बरोबर होतं."

पुढं रांग मोकळी झाली. धुरपदाबाईनं तिचा हात ओढला आणि ती आजीला सावरत गाभाऱ्याकडं गेली.